मालागासी आकडे: शेवटचा शब्द ऐकेपर्यंत नोट काढू नका

मादागास्करच्या राजधानीत, अंतानानारिवोच्या आनालाकेली बाजारात, मी राफियाची (ताडाच्या पानांच्या धाग्यांची) एक विणलेली पिशवी उचलली आणि भाव विचारला. टोपलीमागच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘दिमांजातू सी रूआ आरीवू सी इराय आलिना.’ आदल्या रात्री मी शंभरपर्यंतचे आकडे घोकले होते, शेकडेही पाठ झाले होते. ‘दिमांजातू’ म्हणजे पाचशे, हे क्षणात कळलं. मी ऐटीत पाचशेची नोट पुढे केली. बाईंनी नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी लहान मुलाला सांगावं तसं सावकाश. पाचशे, आणि दोन हजार, आणि एक दहा-हजार. पिशवी साडेबारा हजार आरियारीची होती. शेजारच्या केळीवाल्याला मात्र हसू आवरलं नाही.

मादागास्करला कामानिमित्त जाणार असाल, जहाजावरून उतरणार असाल किंवा नुसती हौस म्हणून मालागासी शिकत असाल, तर या लेखातली एक गोष्ट तरी लक्षात ठेवा. या भाषेत आकडा एककापासून सुरू होतो आणि सगळ्यात मोठा भाग सगळ्यात शेवटी येतो. पाश्चात्त्य लोक इथे गांगरतात. मराठी माणसाने गांगरायचं कारण नाही, कारण अर्धी वाट आपल्या पायाखालची आहे. उरलेल्या अर्ध्या वाटेवर मी पडलो, म्हणून आधीच सावध करतोय.

भाषेबद्दल थोडंसं, मग कामाला लागू. मादागास्कर आफ्रिकेच्या शेजारी असला तरी मालागासी ही मलायो-पॉलिनेशियन कुळातली भाषा. तिची सगळ्यात जवळची बहीण बोर्निओच्या दक्षिण भागात बोलली जाणारी माअन्यान. ओटो डाल या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५१ मध्ये हे नातं सविस्तर मांडलं. इंडोनेशियातून निघून हिंदी महासागर ओलांडून आलेल्या लोकांनी आपले आकडे बरोबर आणले. म्हणून आजही जावामध्ये सात म्हणजे ‘पितु’ आणि मादागास्करमध्ये ‘फितू’. आठ म्हणजे फिलिपिन्समध्ये ‘वालो’, हवाईत ‘वालु’ आणि इथे ‘वालू’. निम्म्या पृथ्वीवर पसरलेला आठाचा आकडा!

पायरी पहिली: कान तयार करा

मालागासी रोमन लिपीत लिहितात. एकोणिसाव्या शतकात पहिला रादामा राजा आणि ब्रिटिश मिशनरी यांच्या काळात ही लिपी रुजली. पाटी वाचताना तीन गोष्टी माहीत हव्यात.

रोमन ‘ओ’ दिसला की उच्चार ‘ऊ’ करायचा. शहराच्या नावाचा शेवटही खरं तर ‘-रीवू’ असाच ऐकू येतो. आपण मराठीत इंग्रजी वळणाने ‘अंतानानारिवो’ लिहितो, ती सवय मी इथे फक्त शहराच्या नावापुरती ठेवली आहे. दुसरं, शब्दाच्या शेवटचा स्वर बोलताना जवळजवळ गिळतात. मी ‘दिमी’ लिहिलंय, पण बाजारात ‘दिम्’च्या पुढे एक कुजबुज ऐकू येईल इतकंच. ‘एफट्रा’चंही तेच, ‘एफट्र’वर गाडी थांबते. तिसरं आपल्या सोयीचं आहे. दळायच्या ‘जात्या’तला ज आणि ‘चमच्या’तला च हे दोन्ही आवाज मालागासीत आहेत. आपण ते आजीकडूनच घेऊन आलोय. खाली ‘जातू’ दिसेल तिथे जात्यातला ज घ्या आणि ‘त्स’ दिसेल तिथे चमच्यातला च. ‘ट्र’सुद्धा आपल्या ट्रकमधल्यासारखाच, जीभ टाळूला लावून.

पायरी दुसरी: एक ते दहा

इराय, रूआ, तेलू, एफट्रा, दिमी, एनिना, फितू, वालू, सिवी, फूलू.

हे दहा शब्द पुढच्या सगळ्याचा पाया आहेत, तेव्हा एक संध्याकाळ यांच्यावर घालवा. जिने चढताना म्हणा. मागून पुढेही म्हणा, फूलूपासून इरायपर्यंत, म्हणजे प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे डोक्यात बसेल. नुसती चाल पाठ झाली तर बाजारात ‘वालू’ ऐकल्यावर इरायपासून मोजत बसावं लागतं, आणि तोवर गिऱ्हाइकांची रांग वाढते.

‘एक’ मात्र जरा लबाड आहे. त्याची तीन रूपं आहेत. वस्तू एक असेल तर ‘इराय’. नुसतं मोजायला सुरुवात केली, पायऱ्या किंवा पोती, तर ‘ईसा, रूआ, तेलू’. आणि अकरा, एकवीस, एकतीस अशा जोडआकड्यात तो ‘इराइका’ होतो. आपल्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची पद्धत आहे, तेव्हा मोजणीतला एक वेगळा असू शकतो हे आपल्याला नवं नाही. किनाऱ्याकडे गेलात, विशेषतः दक्षिणेला आणि पश्चिमेला, तर इरायच्या जागी ‘राइकी’सारखं काहीतरी कानावर पडेल. दचकू नका, एकच आहे.

‘दिमी’ला एक मजेशीर पूर्वज आहे. या कुळातल्या कितीतरी भाषांत पाचाला ‘लिमा’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ हात, म्हणजे पाच बोटं. मालागासीत ‘ल’चा ‘द’ होऊन ‘दिमी’ झालं. पण हातासाठी त्यांनी दुसराच शब्द धरला, ‘तानाना’, जोर पहिल्या अक्षरावर. हाच शब्द दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन म्हटला की अर्थ होतो गाव. अंतानानारिवोत हे गाव आहे, पुढे ‘आरीवू’ म्हणजे हजार. हजारांचं गाव. सतराव्या शतकात आंद्रियांजाका राजाने ही टेकडी घेतली आणि राखायला हजार सैनिक ठेवले, अशी परंपरा सांगतात. राजधानीचं नाव घेता येत असेल तर हजार तुम्हाला आधीच येतो.

पायरी तिसरी: अकरा ते नव्व्याण्णव

इथे मराठी माणसाने कॉलर ताठ करावी. एकवीस, बावीस, तेवीस: आपण आधी एकक म्हणतो, मग दशक. मालागासीही तेच करतात. मध्ये ‘आंबी’ घालतात, त्याचा अर्थ ‘वर, जादा’.

२१: इराइका आंबी रूआपूलू, वीसवर एक.
३५: दिमी आंबी तेलूपूलू.
४७: फितू आंबी एफापूलू.
९९: सिवी आंबी सिवीफूलू.

अकरा ते एकोणीसमध्ये ‘आंबी’च्या जागी ‘आंबिनी’ येतं: इराइका आंबिनी फूलू, रूआ आंबिनी फूलू, तेलू आंबिनी फूलू. बाराचा आकडा तुमच्या कानावर वारंवार पडेल, कारण राजधानीभोवतीच्या मेरिना प्रदेशात बारा पवित्र टेकड्यांची परंपरा आहे आणि पर्यटकांना त्या हटकून दाखवतात.

दशकं अशी: फूलू, रूआपूलू, तेलूपूलू, एफापूलू, दिमांपूलू, एनिंपूलू, फितूपूलू, वालूपूलू, सिवीफूलू. ‘फूलू’चा ‘पूलू’ होतो, फक्त नव्वदात ‘फ’ टिकून राहतो. चाळिसात ‘एफट्रा’ची शेपटी गळते, पन्नास आणि साठात मध्ये अनुस्वार शिरतो. नियम शोधत बसू नका. नऊ शब्द आहेत, तोंडाला वळण लागलं की झालं.

आणि आता खरी चैन. एकवीस ते नव्व्याण्णवमध्ये अपवाद एकही नाही. आपल्याकडे मुलांना त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव हे पाचही वेगळे घोकावे लागतात. इथे ‘तेलू आंबी’ म्हणायचं आणि पुढे दशक ठेवायचं. ‘एकोण’ची भानगडही नाही. एकोणतीस म्हणजे सरळ ‘सिवी आंबी रूआपूलू’, वीसवर नऊ. (मलायमध्ये नवाला ‘सेंबिलान’ म्हणतात, त्याची फोड ‘एक काढून घेतलेला’ अशी करतात. म्हणजे ‘एकोण’ची कल्पना या कुळाला परकी नाही, पण मालागासीने ती घेतली नाही.) २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ छापलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! तेव्हा दोन्ही बाजूंनी वाद घालणाऱ्यांना मालागासी पोरांचे पाढे ऐकवायला हवे होते. एकक आधी ठेवूनही आकडे सरळ राहू शकतात.

पायरी चौथी: शेकडे

शंभर म्हणजे ‘जातू’. एकशे एक ते एकशे नव्व्याण्णवपर्यंत ‘आंबी’ चालतं: १०१ म्हणजे ‘इराइका आंबी जातू’, १२५ म्हणजे ‘दिमी आंबी रूआपूलू आंबी जातू’.

दोनशेपासून पुढे: रूआंजातू, तेलूंजातू, एफाजातू, दिमांजातू, एनिंजातू, फितूंजातू, वालूंजातू, सिवांजातू. आणि आता शतकाला जोडायचं ते ‘सी’ने, म्हणजे ‘आणि’. वर्षाचे दिवस मोजा: दिमी आंबी एनिंपूलू सी तेलूंजातू. पाच, साठ आणि तीनशे.

आपली वाट इथे संपते. मराठीत ‘तीनशे पासष्ट’ म्हणताना शतक पुढे येतं आणि पासष्टमध्ये मात्र पाच आधी. आपण मधेच दिशा बदलतो, मालागासी बदलत नाहीत. ते शेवटपर्यंत उजवीकडून डावीकडे चालत राहतात. संस्कृत ज्योतिषग्रंथ वाचणाऱ्यांना ‘अङ्कानां वामतो गतिः’ हे वचन माहीत असतं. शब्दांत सांगितलेली संख्या एककापासून डावीकडे लिहीत जायची. ग्रंथात राहिलेला तो नियम इथली भाजीवाली रोज पाळते.

पायरी पाचवी: हजाराच्या पुढे, आणि चौकटींची युक्ती

हजार: आरीवू. दोन हजार: रूआ आरीवू.
दहा हजार: इराय आलिना.
लाख: इराय हेत्सी.
दहा लाख: इराय तापिट्रीसा.
शंभर कोटी: इराय लाविट्रीसा.

पहा, दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे आणि लाखालाही. युरोपातून येणारे ‘शंभर हजार’मध्ये अडकतात. आपल्याला लाख हाताशी असतो, म्हणून ‘हेत्सी’ थेट बसतो. शिवाय हा शब्द आपल्याच घरचा आहे. संस्कृत ‘कोटि’ मलाय-जावा भागात ‘केती’ झाला, तिथून मादागास्करला पोचता पोचता ‘हेत्सी’. प्रवासात मात्र त्याची किंमत उतरली. कोटीचा लाख झाला. ‘लक्षा’चंही तिकडे असंच झालं, मलायमध्ये ‘लक्सा’ म्हणजे दहा हजार. समुद्र ओलांडताना आपल्या आकड्यांवर कसला कर बसला कोण जाणे.

‘आलिना’चा दुसरा अर्थ रात्र. ‘तापिट्रीसा’ची फोड ‘तापिट्रा ईसा’, म्हणजे मोजणी संपली. दहा लाखांवर मोजणी संपल्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि मग त्याहून मोठ्या आकड्याची गरज पडली तेव्हा ‘लाविट्रा ईसा’, लांबची मोजणी, असा शब्द पुढे आला.

आता माझी युक्ती. आपण शाळेत ‘एकं दहं शतं सहस्र दशसहस्र लक्ष दशलक्ष’ असं तालात म्हणायचो. मालागासी आकडा याच क्रमाने येतो, शब्दाला शब्द. कागदावर सात चौकटी काढा. ऐकू येईल तसतसं उजवीकडून भरत जा:

एकं: आंबीच्या आधीचा शब्द.
दहं: पूलू (किंवा फूलू).
शतं: जातू.
सहस्र: आरीवू.
दशसहस्र: आलिना.
लक्ष: हेत्सी.
दशलक्ष: तापिट्रीसा.

जो शब्द आलाच नाही त्या चौकटीत शून्य. शून्याचा उच्चार करत नाहीत, म्हणून चौकटी रिकाम्या सोडल्या की घोळ होतो. माझ्या पिशवीचा भाव घ्या: दिमांजातू (शतं ५), रूआ आरीवू (सहस्र २), इराय आलिना (दशसहस्र १). एकं-दहं रिकामे, तिथे दोन शून्यं. १२,५००. पहिला आठवडा खिशात छोटी वही ठेवा आणि बिनधास्त सगळ्यांसमोर चौकटी काढा. लोकांना गंमत वाटते आणि ते आपोआप सावकाश बोलतात.

सनसुद्धा असेच. १९४७ म्हणजे ‘फितू आंबी एफापूलू सी सिवांजातू सी आरीवू’. हा सन मुद्दाम घेतला. आपल्याकडे त्या वर्षी स्वातंत्र्य आलं, मादागास्करमध्ये त्याच वर्षी २९ मार्चला फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला आणि तो रक्तात बुडवला गेला. त्यांचं स्वातंत्र्य २६ जून १९६० चं: एनिंपूलू सी सिवांजातू सी आरीवू.

पायरी सहावी: पैसे

चलन आरियारी. नोटा १००, २००, ५००, १,०००, २,०००, ५,०००, १०,००० आणि २०,००० च्या. म्हणजे रोजच्या व्यवहारात आरीवू आणि आलिना हे दोन शब्द सतत लागणार, हेत्सी घरभाड्यासाठी.

‘किती?’ला दोन शब्द आहेत. नग विचारायचे तर ‘फिरी?’ भाव विचारायचा तर ‘ऊहाट्रीनूना?’, जो बोलण्यात ‘वाट्रीनूना’सारखा ऐकू येतो. एका नगाचा भाव: ‘ऊहाट्रीनूना नी इराय?’ महाग वाटलं तर ‘लाफू!’ म्हणा, चेहरा पाडून. पुण्यात तुळशीबागेत घासाघीस केलेली असेल तर पुढचं शिकवायला नको.

पण एक खड्डा आहे. २००५ पर्यंत मादागास्करचं अधिकृत चलन फ्रँक होतं आणि एक आरियारी म्हणजे पाच फ्रँक. चलन बदललं, सवय पूर्ण बदललेली नाही. अजूनही काहीजण, विशेषतः जुने लोक, फ्रँकमध्ये भाव सांगतात. आपल्याकडे चार आणे, आठ आणे बोलण्यात कितीतरी काळ टिकले, तसंच हे. फरक एवढाच की इथे आकडा पाचपट होतो. दोन हजाराची वस्तू दहा हजाराची ऐकू येते. भाव ऐकून भोवळ आली तर आधी विचारा, ‘आरियारी सा एफेमजे?’ आरियारी की फ्रँक? त्यात भर म्हणजे भाव आणि फोन नंबर बरेचदा फ्रेंचमध्ये सांगतात. तेव्हा फ्रेंच शंभरपर्यंत ओझरतं शिकून ठेवलेलं बरं.

आरियारी दशमान नाही, हेही कळलं असेल. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे ‘इरायंबिलांजा’. आता तो कुणी हाताळत नाही, पण जगात पाचाच्या हिशेबाची चलनं दोनच उरली आहेत, ही आणि मॉरिटानियाची. त्याआधी तर अजून गंमत होती. एकोणिसाव्या शतकात परदेशी चांदीची नाणी तोडून तुकडे तराजूत तोलायचे. आरियारीचा अर्धा ‘लूसू’, पाव ‘किरूबू’, आठवा हिस्सा ‘सिकाजी’, चोविसावा ‘वूआमेना’. शेवटी ७२० तांदळाचे दाणे म्हणजे एक आरियारी, इथपर्यंत हिशेब जायचा. ‘वूआमेना’ची फोड लाल बी. आपल्या सोनाराच्या तराजूतली गुंज आठवली ना?

तांदूळ आजही वेगळ्या मापाने मोजतात. दुकानात मागताना किलो क्वचित, ‘कापूआका’ नेहमी. दाट दुधाचा रिकामा डबा हे ते माप. साधारण साडेतीन डबे म्हणजे किलो. ‘तेलू कापूआका सी सासानी’ म्हणा, ‘सासानी’ म्हणजे अर्धा. दुकानदार डबा शिगेपर्यंत भरतो की तळहाताने सपाट करतो, याकडे लक्ष ठेवा. चिपटं-मापटं वापरलेल्या घरातल्यांना हे सांगायची गरज नाही.

पायरी सातवी: आकडा वस्तूच्या मागे

मराठीत ‘दोन घरं’. मालागासीत ‘घर दोन’: ट्रानू रूआ. पाच कोंबड्या: आकूहू दिमी. तीन माणसं: ऊलूना तेलू. नामाचं अनेकवचन होतच नाही, त्यामुळे ‘घर-घरं, कोंबडी-कोंबड्या’ ही डोकेदुखी वाचते. मापाचा शब्द असेल तर वस्तू आधी, मग आकडा आणि माप: वारी रूआ कापूआका, तांदूळ दोन डबे.

पहिला म्हणजे ‘वूआलूहानी’, त्यात ‘लूहा’ म्हणजे डोकं. बाकी सगळ्यांना आधी ‘फाहा’ लावायचं: फाहारूआ दुसरा, फाहातेलू तिसरा. ‘फाहावालू’ म्हणजे आठवा, आणि शत्रूसुद्धा! १८९५ नंतर फ्रेंचांशी लढणाऱ्या बंडखोरांना याच नावाने ओळखत. ‘फाहासिवी’ म्हणजे नववा, पण भूतांनाही तेच म्हणतात. इमारतीत आठव्या किंवा नवव्या मजल्यावर राहायला गेलात तर विनोदाला विषय तयार आहे.

कितीदा, हे सांगायला ‘इन’सारखा आवाज आधी येतो: इंद्रूआ दोनदा, इंतेलू तीनदा. दोन-दोन, तीन-तीन म्हणायचं तर आपल्यासारखीच द्विरुक्ती करतात, फक्त पुढे ‘त्सि’ लावून: त्सिरूआरूआ, त्सितेलूतेलू. रांगेत दोघं-दोघं उभी केलेली शाळेची पोरं म्हणजे त्सिरूआरूआ.

वेळ विचारताना: ‘आमिनी फिरी इजाव?’ किती वाजले? उत्तर: ‘आमिनी तेलू सी सासानी’, साडेतीन. लक्षात घ्या, इथे ‘साडे’ मागे येतो. मी बरेच दिवस ‘सासानी’ आधी म्हणत होतो आणि समोरचा उरलेल्या वाक्याची वाट पाहत राहायचा.

वारांच्या नावांतही आकडे लपलेत, पण ते मालागासी नाहीत, अरबी आहेत. जुन्या अरब व्यापारी-संबंधांतून ते आले. सोमवार ‘आलात्सिनायनी’ म्हणजे दुसरा, मंगळवार ‘तालाता’ तिसरा, बुधवार ‘आलारूबिया’ चौथा, गुरुवार ‘आलाकामिसी’ पाचवा. शुक्रवार ‘जूमा’, हे वेगळं सांगायला नको. शनिवार ‘आसाबूत्सी’, रविवार ‘आलाहादी’. तेव्हा ‘आलारूबिया’मध्ये एफट्रा शोधू नका, वार वेगळे पाठ करा.

पायरी आठवी: सराव

घरी बसून स्वतःच आकडे म्हणणं सोपं असतं. कस लागतो तो ऐकताना. म्हणून सराव दुसऱ्याच्या तोंडून करा. भाजी घेताना भाव ठाऊक असला तरी विचारा. तीन शब्द जवळ ठेवा: ‘आजाफादी’ (कृपया, माफ करा), ‘मूरामूरा’ (सावकाश) आणि ‘सूराती’ (लिहा). पहिल्यांदा ‘मूरामूरा, आजाफादी’. तरी जमलं नाही तर वही पुढे करून ‘सूराती, आजाफादी’. फोनवरचं गणकयंत्र पुढे करायचा मोह होईल. तो टाळा, कारण एकदा ती सवय लागली की कान कधीच तयार होत नाही. मी एका सहकाऱ्याला दोन वर्षं राहूनही आलिनाच्या पुढे गेलेलं पाहिलं नाही, आणि कारण तेच.

आता चौकटी काढा आणि हे चार सोडवा. डाव्या हाताने उत्तर झाकून ठेवा.

‘वालू आंबिनी फूलू.’ १८.

‘एफाजातू सी एनिना आरीवू सी वालू आलिना.’ एका दिवसातले सेकंद, ८६,४००. एकं-दहं रिकामे होते, तिथे शून्यं घातलीत ना?

‘इराइका आंबी एफापूलू सी फितू आरीवू सी वालू आलिना सी दिमी हेत्सी.’ मादागास्करचं क्षेत्रफळ, ५,८७,०४१ चौरस किलोमीटर. शतं आलंच नाही, म्हणून तिथे शून्य.

आणि शेवटचा: ‘तेलू आंबिनी फूलू सी फितूंजातू सी फितू आरीवू सी तेलू हेत्सी.’ यात आलिना गाळलेला आहे, तिथे फसाल. हे महाराष्ट्राचं क्षेत्रफळ, ३,०७,७१३.